खड्डा बॉलच्या पुढे पडायला हवा

मागच्या अंकात गोल्फमधल्या पटिंगवर, म्हणजे बॉल भोकात ढकलण्यावर लिहिलं, आणि पत्रं आली ती सगळी बॉल नीट न लागण्याची. लोकांचं दुखणं तिथेच आहे, तर या वेळी तेच घेऊ. उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी डाव्याचं उजवं करून वाचावं, त्यांना आयुष्यभराची सवय आहेच.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आणि साठीत गोल्फ सुरू केलं. सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी क्लबने, दहा बॉल मारले तर चार वेळा क्लब बॉलच्या आधीच मातीत घुसतो, तीन बॉल माथ्याला लागून सरपटत जातात. उरलेल्या तीनांतला एखादा असा लागतो की हाताला कळतही नाही. त्या एकासाठीच मी दुसऱ्या दिवशी परत जातो. रेंजवरचे (सरावाच्या मैदानावरचे) मित्र म्हणतात, वजन डावीकडे टाका. टाकायला गेलो की आणखी बिघडतं. हे वजन नेमकं टाकायचं कधी आणि कसं? (नाशिक)

साहेब (खेळाडूंच्या बॅगा उचलणाऱ्या कॅडीची जीभ आहे, सवय जात नाही), तुम्ही बॉलची सगळी हकीकत लिहिलीत. पण खड्डा कुठे पडतो, त्याबद्दल एक शब्द नाही. मला बॉलपेक्षा खड्डा कळवा.

१९७४ साली, अकरा वर्षांचा असताना, मी येरवड्याच्या घरातून पहाटे निघून बॅग उचलायला जायला लागलो. ज्या दिवशी बॅग मिळाली नाही त्या दिवशी काम एकच. पिशवीत वाळू घ्यायची आणि फेअरवेवरचे, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरचे खड्डे भरत हिंडायचं. डिव्हट म्हणतात त्याला, आम्ही पोरं ‘डिवट’ म्हणायचो. वर्षभरात असं झालं की खड्डा बघून साहेब ओळखू यायला लागला. एक फौजेतले होते. त्यांचा खड्डा अर्ध्या पोस्टकार्डाएवढा, पातळ, भाकरीचा पापुद्रा उचलावा तसा, आणि बॉल होता तिथून पुढे सुरू झालेला. दुसरे एक डॉक्टर होते. त्यांचा खड्डा बॉलच्या वीतभर मागे, आणि इतका खोल की त्यात अळूचा कांदा लावावा. फौजी साहेबांचा बॉल कुठे गेला हे बघायला मान वर करावी लागायची नाही. डॉक्टरांचा बॉल बघायलाही मान वर करावी लागायची नाही, तो तिथेच असायचा.

आता हिशेब बघा, तुम्ही बँकेतले आहात. गोल्फचा बॉल ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे त्याचं पोट जमिनीपासून २१ मिलिमीटरवर. क्लब गोल फिरतो आणि त्या फेऱ्याचा एक सगळ्यात खालचा बिंदू असतो. तो बिंदू बॉलच्या मागे पडला की दोनच गोष्टी होऊ शकतात. एकतर क्लब आधी मातीत जातो. नाहीतर माती चुकवून तो वर निघालेला असतो आणि त्याची खालची धार बॉलच्या पोटाला लागते. पहिल्याला फॅट म्हणतात, दुसऱ्याला टॉप किंवा थिन. लोक त्यांना दोन दुखणी समजतात आणि दोन वेगळी औषधं शोधतात. ही एकाच आईची जुळी पोरं आहेत, साहेब. तुमचे चार आणि तीन मिळून सात बॉल एकाच कारणाने वाया जातात. चांगला खेळाडू आयर्नने मारतो तेव्हा तो खालचा बिंदू बॉलच्या पुढे असतो, साधारण चार इंच. म्हणून त्याचा बॉल आधी लागतो आणि गवत मागाहून कापलं जातं.

आणि हे हातांनी जमवता येत नाही. क्लब बॉलला चिकटलेला असतो तो वेळ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात मनगट वळवून दुरुस्ती करू म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. खालचा बिंदू कुठे पडणार हे त्या क्षणी तुमची छाती कुठे आहे आणि पायाखालचा दाब कुठे आहे यावर आधीच ठरलेलं असतं.

तर आधी तपासणी. गवतावर उभं राहायची सोय असेल तिथे जा आणि फक्की न्या, कबड्डीचं मैदान आखतात ती. बॉल जायचा त्या दिशेला आडवी अशी पाच फुटांची रेघ मारा. रेघ दोन पायांच्या मध्ये, किंचित डावीकडे घेऊन उभे राहा. बॉल ठेवू नका. कमरेपासून कमरेपर्यंत अर्धा स्विंग करा, मग रेघेवरून वीतभर सरका, पुन्हा करा. दहा झाले की मागे वळून बघा. खड्डे रेघेवर सुरू होऊन पुढे गेलेत का? की रेघ शाबूत आणि तिच्या मागे सगळी नांगरट? दुसरं असणार, पैज लावतो. पण तेच बघायचं आहे. बॉल समोर असला की डोळे त्याच्याबरोबर उडून जातात आणि खाली काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही.

आता वजन. तुमच्या मित्रांनी सांगितलं ते खोटं नाही, पण त्यांनी वेळ सांगितली नाही. बहुतेक लोक असं करतात: क्लब वर नेतात, वर गेल्यावर त्यांना वजनाची आठवण होते, आणि मग डोकं, खांदा, पोट सगळं घेऊन डावीकडे झोकून देतात. खांदे बॉलच्या पुढे गेले की क्लब लाकूड फोडायला निघाल्यासारखा वरून येतो. एकदोनदा हाताला झिणझिण्या आल्या की माणूस घाबरतो आणि पुढच्या वेळी उजव्या पायावरच बसून राहतो. तुमचं ‘आणखी बिघडतं’ ते हे.

घरात वजनकाटा असेल तर शेजाऱ्यांकडून आणखी एक आणा. एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून उभे राहा. हळूहळू डावीकडे कला, डावा काटा चढेल. यात काही नवल नाही. आता पुन्हा मध्ये या आणि डावीकडे पटकन उडी मारायची आहे अशी सुरुवात करा. उजवा काटा आधी उसळतो! शरीर डावीकडे निघण्याआधी पाय उजवीकडे जमीन दाबतो. (उडी पूर्ण मारू नका, काटे सरकतात. काट्यांकडे बघायला कुणाला तरी बसवा.) म्हणून मी पोरांना वजन म्हणत नाही, दाब म्हणतो. वजन म्हटलं की माणूस पोत्यासारखा कलतो.

मोठ्या खेळाडूंच्या पायाखाली दाब मोजणाऱ्या पाट्या ठेवून हे तपासलेलं आहे. क्लब मागे निघाला की दाब लवकर उजव्या पायाखाली जातो. डावा हात जमिनीला समांतर येईपर्यंत तो तिथे भरलेला असतो. आणि क्लब वर पोचायच्या आतच तो डावीकडे परत फिरतो. खाली येताना डावा हात पुन्हा समांतर झाला, म्हणजे बॉल लागायला अजून अवकाश आहे, तेव्हा तीन चतुर्थांशाच्या आसपास दाब डाव्या पायाखाली पोचलेला असतो. थोडक्यात, हात अजून मागे चाललेत आणि पाय पुढे निघालेत. दोघांची दिशा क्षणभर उलटी. त्या एका क्षणासाठी मी पन्नास वर्षं या खेळात आहे.

अवघड वाटतं ना? आमची आई रोज करायची. कपडे धुऊन झाले की बादलीतलं उरलेलं पाणी अंगणाच्या टोकापर्यंत फेकायची. बादली मागे जात असतानाच तिचा पुढचा पाय टेकलेला असायचा, मग कंबर, मग हात, आणि पाणी पार बोरीच्या झाडापर्यंत. बादली मागे नेऊन थांबून, मग विचार करून फेकली असती तर पाणी तिच्याच पायावर सांडलं असतं. रेंजवर मी अर्धी बादली पाणी भरून लोकांना फेकायला लावतो. कंपनीचे डायरेक्टर आधी लाजतात, मग बूट भिजतात, मग दुसऱ्या खेपेला बरोबर फेकतात.

त्यानंतर क्लब घ्या. दोन्ही पाय जुळवून उभे राहा, बॉल डाव्या पायासमोर. क्लब मागे न्या, आणि तो मागे जात असतानाच डावा पाय फूटभर डावीकडे टाका. पाय टेकला की मारा. सुरुवातीला बॉल ठेवूच नका, नुसतं गवत कापा. मग टीवर, म्हणजे बॉल ठेवायच्या खुंटीवर ठेवा, मग गवतावर. आठवडाभर रोज तीस, अर्ध्या ताकदीने. पाय टाकायला उशीर झाला तर शरीरच तक्रार करेल, कुणी सांगायला नको.

उजवीकडे जातानाही एक सांभाळा. दाब उजव्या पायाच्या आतल्या कडेवर राहिला पाहिजे. तो बाहेरच्या कडेवर घरंगळला की कंबर उजवीकडे सरकते आणि परत यायला वेळ पुरत नाही. उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेखाली एक बॉल दाबून ठेवून मारा, घरंगळताच येणार नाही.

मारून झाल्यावर तसेच उभे राहा. उजव्या बुटाचा तळवा मागे उभ्या असलेल्या माणसाला दिसतोय? उजवा पाय उचलून पुन्हा ठेवता येतोय? येत असेल तर दाब वेळेवर पोचला. धडपडत असाल तर तो अजून वाटेत आहे. महिन्याभराने फक्कीच्या रेघेचं पत्र पाठवा. बॉलचं नको.

प्रश्न : मी पुण्याची, सध्या दुबईत. ऑफिस सुटल्यावर आठवड्यातून तीन वेळा रेंजवर मॅटवरून मारते. तिथे बॉल सुंदर जातात. शुक्रवारी कोर्सवर गेले की तीच मी, तोच क्लब, आणि बॉल जेमतेम साठ मीटर. मनाचा खेळ आहे का? (दुबई)

मनाचा नाही ताई, मॅटचा आहे. मॅट खोटं बोलते. क्लब बॉलच्या तीन इंच मागे टेकला तरी तो प्लास्टिकवरून घसरत पुढे जातो आणि बॉलला लागतो. बॉल बऱ्यापैकी उडतो, तुम्ही खूश. गवतावर तोच क्लब मातीत रुततो. म्हणजे तुमचा फटका दोन्हीकडे सारखाच आहे, फक्त मॅट चहाडी करत नाही.

आवाज ऐका. नीट लागला की ‘टक’ असा एकच कोरडा आवाज येतो. मागे टेकला की ‘थप्‌-टक’ असे दोन, इतके जवळ की लक्ष दिलं नाही तर एकच वाटतो. शेजारी संगीत चालू असेल तर सांगून बंद करायला लावा.

दुसरं, हात पुसायचा नॅपकिन चार घड्या घालून बॉलच्या मागे वीतभर अंतरावर ठेवा. नॅपकिन उडाला तर तो बॉल मोजायचा नाही, मग तो दीडशे मीटर का जाईना. पहिल्या दिवशी दहातले आठ नॅपकिन उडतील आणि तुम्हाला माझा राग येईल. क्लबच्या चेहऱ्यावर टाल्कम पावडरचा पातळ हातही मारून बघा. बॉलचा ठसा कुठे उठतो ते दिसतं. खालच्या धारेजवळ उठत असेल तर थिन, क्लबच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला उठत असेल तर तुम्ही खाली येताना बॉलकडे पुढे झुकताय, म्हणजे दाब पायाच्या बोटांवर चाललाय. तो डावीकडे जायला हवा, पुढे नाही. हा फरक मॅटवर वर्षानुवर्षं कळत नाही.

दाब डावीकडे न्यायची कसरत वर नाशिकच्या साहेबांना सांगितली आहे, तीच करा. मात्र मॅटवर तीसच्या ऐवजी पंधरा, आणि मध्ये मध्ये विश्रांती. खाली काँक्रीट असतं. माझ्या ओळखीच्या तिघांचे कोपर त्याने धरले आहेत.

पुण्याला याल तेव्हा गवत हाताने चाचपून बघा. इंग्रजीत ज्याला बर्म्युडा म्हणतात, ज्यासाठी क्लबवाले एवढा खर्च करतात, ती आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा. लहानपणी आम्हाला हे माहीत होतं म्हणून भाद्रपदात फेअरवेच्या कडेला जुड्या खुडायचो आणि माळ्याच्या शिव्या खायचो. हरळीची मुळं घट्ट असतात, बॉल तिच्यावर बसून राहतो. नीट लागला तर तिच्यासारखं गवत नाही, आणि मागे लागला तर ती क्लब धरून ठेवते.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. क्रिकेटमध्ये सलामीला खेळतो, कव्हर ड्राइव्ह देखणा आहे. गेले सहा महिने खारघरला गोल्फ खेळतोय. आयर्न बरे लागतात, पण ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घेतला की बॉल उजवीकडे केळ्यासारखा वळतो. काही जण म्हणतात क्रिकेटने त्याचा हात बिघडवला, आता सोडायला लावा. (ठाणे)

सोडायला लावू नका. असं सांगणाऱ्यांना एकदा लाँग ऑनवरून थ्रो करायला सांगा. तुमच्या मुलाला ते येतं. थ्रो करताना हात मागे असतानाच पुढचा पाय पडतो, हे मी ज्यासाठी लोकांना बादल्या फेकायला लावतो ते त्याच्या अंगात आहे. बंद करायचं ते वेगळंच आहे.

कव्हर ड्राइव्हला डोकं बॉलवर जातं, डावं कोपर वर राहतं, आणि बॅटचा चेहरा शक्य तितका वेळ समोर ठेवतात. क्रिकेटमध्ये हे तिन्ही गुण. ड्रायव्हर घेऊन हे तिन्ही केले की स्लाइस, म्हणजे बॉलचं ते उजवीकडे वळणं, ठरलेला. कोपर वर ठेवून चेहरा समोर धरायला गेलं की तो उजवीकडे उघडा राहतो. डोकं आणि खांदे बॉलवर गेले की क्लब बाहेरून आत ओढला जातो. बॉल निघतो तो मुख्यतः क्लबचा चेहरा जिकडे आहे तिकडे, आणि वळतो तो क्लब जिकडे चालला होता त्याच्या उलट. उघडा चेहरा, आत ओढलेला क्लब, झालं केळं.

आयर्न बरे लागतात याचंही कारण हेच आहे. सात नंबरने मोठे व्यावसायिक खेळाडू बॉलवर साधारण चार अंशांनी खाली येत मारतात, तिथे थोडं पुढे जाणं खपून जातं. ड्रायव्हरचा बॉल टीवर आहे, जमिनीशी त्याचा संबंधच नाही. तिथे दाब डाव्या पायात जातो पण डोकं मागे राहतं. पाय पुढे, डोकं मागे. क्रिकेटमध्ये असं केलं तर प्रशिक्षक ओरडतील, आणि बरोबरच ओरडतील.

त्याला एवढं सांगा. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर ठेव. टी इतकी उंच की बॉलचा अर्धा भाग क्लबच्या वर दिसला पाहिजे. उभं राहतानाच उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली ठेव. बॉलच्या पुढे फूटभरावर बॉलची रिकामी खोकी ठेव आणि खोकी न पाडता मार. ती उडाली म्हणजे डोकं पुढे गेलं.

आणि मनगटांसाठी त्याला त्याच्याच भाषेत सांगा. ड्राइव्हची मनगटं विसर, पुलची आण. पुल मारताना बॉल खाली राहावा म्हणून उजवं मनगट डाव्यावर वळतं ना, तेच इथे हवं, फक्त जमिनीलगत. मी हे एका सलामीच्या पोराला सांगितलं तेव्हा तिसऱ्या बॉलला त्याचा स्लाइस जाऊन हुक आला, म्हणजे बॉल डावीकडे वळायला लागला. हुक आला की मला बरं वाटतं. हुकवाल्याला आवरता येतं, स्लाइसवाल्याला पेटवावं लागतं.

‘गोल्फला भवितव्य आहे का’ असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. आपले गोल्फर उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला खेळले. यापलीकडे चौदा वर्षांच्या मुलाबद्दल मी भाकीत करत नाही.

प्रश्न : माझ्या मिस्टरांच्या डाव्या गुडघ्याची बदली होऊन वर्ष झालं. सर्जनांनी गोल्फला परवानगी दिली आहे. पण ते डाव्या पायावर यायलाच घाबरतात, सगळं उजव्या पायावर खेळतात आणि मग घरी येऊन कंबर दुखते म्हणतात. वय ६९. (कोल्हापूर)

वहिनी, परवानगी किती जोराची आणि किती होल्सची आहे ते सर्जनांना पुन्हा एकदा नीट विचारा. माझं उत्तर त्यांच्या उत्तराच्या खालचं.

गुडघ्याला वजनापेक्षा पिळाची भीती असते. पाऊल जमिनीत घट्ट रुतलेलं आणि वर शरीर वळतंय, हे टाळायचं. डावं पाऊल सरळ न ठेवता बाहेर वळवून ठेवायला सांगा. घड्याळातल्या दहा वाजल्याच्या काट्यासारखं, लागलं तर त्याहूनही थोडं जास्त. अमेरिकेचे नामांकित गोल्फर बेन होगन धडधाकट असतानाही डावं पाऊल पाव वळणाने बाहेर ठेवायचे. १९४९ च्या फेब्रुवारीत बसने त्यांच्या मोटारीला समोरून धडक दिली, पुन्हा चालतील का अशी शंका होती, आणि १९५० च्या जूनमध्ये पायांना पट्ट्या बांधून त्यांनी मेरियनच्या मैदानावर यूएस ओपन जिंकली. मिस्टरांना ही गोष्ट सांगा, पण ‘बघा, त्यांनी केलं’ अशा सुरात नको. होगन ३७ वर्षांचे होते.

बुटाच्या तळाला खिळे असतील तर ते काढून साध्या रबरी तळाचे वापरा, म्हणजे पाऊल थोडं फिरू शकेल. दोन पायांतलं अंतर कमी करा. आणि त्यांना डावीकडे ‘जायला’ लावूच नका. सुरुवातीपासूनच साठ टक्के भार डाव्या पायावर ठेवून उभं राहायचं आणि तिथेच राहून तीन चतुर्थांश स्विंग करायचा. अंतर वीसेक मीटरने कमी होईल. बॉल मात्र आधी लागेल, आणि मागे रेलणं बंद झालं की कंबरही बहुधा गप्प बसेल. नऊ होल्स, गाडी घेऊन. चालायची हौस असेल तर संध्याकाळी रंकाळ्यावर.

प्रश्न : मोबाइलवर एवढे व्हिडिओ फुकट असताना कोच कशाला? तुम्ही स्वतः तरी कुणाकडे शिकलात? (पिंपरी)

बरोबर पकडलंत. कुणीच शिकवलं नाही. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये त्याच मैदानावर इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक, आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकले. ती बातमी आली तेव्हा आमच्या कॅडी शेडमध्ये दोन दिवस कुणी धड काम केलं नाही. शेडमागच्या पट्टीत एकच तुटका पाच नंबर आम्ही सात जण आळीपाळीने मारायचो, अनवाणी. अनवाणी पायाला दाब कुठे आहे ते आपोआप कळतं. घसरलात तर अंगठा सोलतो.

पण आम्ही बघितलं किती ते मोजा. दिवसाला दोन फेऱ्या, फेरीला चार साहेब, वर्षाचे तीनशे दिवस. प्रत्येक फटका दहा फुटांवरून, आणि लगेच त्याचा खड्डा. व्हिडिओवाला तुम्हाला त्याचा स्विंग दाखवतो. तुमचा बघायला कुणीतरी लागतं. मित्राला मोबाइल धरायला सांगा, कमरेच्या उंचीवर, तुमच्या छातीसमोरून. पहिल्यांदा स्वतःला बघून धक्का बसेल. सगळ्यांना बसतो. मनात आपण होगन असतो.

प्रश्न : बॉल नीट लागावा म्हणून कोणत्या कंपनीचे आयर्न घ्यावेत? बजेट ऐंशी हजार. (छत्रपती संभाजीनगर)

आधी साठ रुपयांची फक्की घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात आमची रेंज अडीच महिने जवळजवळ बंदच असते. फ्लॅटमध्ये वजनाचा सराव काय करता येईल? (चिपळूण)

चिपळूणचा पाऊस म्हणजे अडीच महिने कमीच सांगताय. करता येतं बरंच.

भिंतीला उजवी कंबर चार बोटांवर ठेवून उभे राहा, हात छातीवर. मागे वळताना उजवी कंबर भिंतीला घासून मागे गेली तर ठीक. तिने भिंतीला धक्का दिला तर तुम्ही वळत नाही, सरकताय. मग तसंच डाव्या बाजूने. पुढे येताना डावी कंबर आधी भिंतीकडे जाईल, टेकेल, आणि मग मागे वळेल. टेकणं आधी, वळणं नंतर. रोज वीस. टीव्हीवर बातम्या चालू असताना होतात.

पाय टाकायची कसरत क्लबऐवजी लाटणं घेऊन करा. किंवा उशी दोन्ही हातांत धरून सोफ्यावर फेका, पाय आधी, उशी मागून. घरात लहान मूल असेल तर ते सोफ्यावर बसून झेलेल आणि तुम्हाला थांबू देणार नाही.

क्लब हातात घ्यायचाच असेल तर लहानातला लहान घ्या आणि अर्धाच स्विंग करा. आधी वर बघा. माझ्या घरी २००५ च्या जुलैमध्ये ट्यूबलाइट गेली, नऊ नंबरने. त्या आठवड्यात रस्त्यांवर पाणी, दुकानं बंद, आणि चार दिवस आम्ही स्वयंपाकघरातल्या दिव्यावर जेवलो. बायको अजून पाहुण्यांना तो डाग दाखवते.